जोशी’स, जोशीस की जोशीस’? इंग्रजीतली अपॉस्ट्रॉफी कुठे द्यायची आणि कुठे नाही

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या लोकमान्यनगरात एक ताई घरून डबे आणि फराळ देतात. आता त्यांनी छोटं दुकान घेतलंय आणि बोर्डावरचं नाव इंग्रजीत हवंय. फ्लेक्सवाला एक सांगतो, मुलगी दुसरं, भाचा तिसरंच. मेनू कार्डाचं मॅटरही त्यांनी पाठवलंय. एसच्या आधी तो वरचा कॉमा कधी येतो, नंतर कधी येतो आणि मुळीच कधी येत नाही, हे एकदाचं कळावं अशी त्यांची इच्छा आहे. मी इंदुरात बरीच वर्षं इंग्रजी आणि मराठी प्रूफं तपासतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातलाच आहे. उत्तर देवनागरीत देतोय, म्हणून इंग्रजी एसच्या जागी सगळीकडे “स” लिहितो. उच्चार कुठे “ज” होतो, कुठे “झ”, तिकडे तूर्त लक्ष देऊ नका.

ताई, आधी बोर्डाचं सांगतो, कारण फ्लेक्सवाला खोळंबलाय. गिऱ्हाइकं तुम्हाला “जोशीकाकू” म्हणून ओळखत असतील आणि दुकान तुमच्या हाताच्या चवीवर चालणार असेल, तर “जोशी’स किचन”. चिन्ह एसच्या आधी. घरातले सगळेच राबणार असतील आणि “जोश्यांचं दुकान” अशी ओळख हवी असेल, तर “जोशीस’ किचन”. चिन्ह एसच्या नंतर. भाचा म्हणतो तसं चिन्ह गाळून नुसतं “जोशीस किचन” केलं तर व्याकरणात ते बसत नाही, पण दुकानाचं नाव म्हणून चालतं. त्याचं कारण पुढे देतो. माझं मत विचाराल तर पहिलं घ्या.

आता मूळ गोष्ट. अपॉस्ट्रॉफीला इंग्रजीत कामं दोनच. एक, काही अक्षरं गळली आहेत हे दाखवणं. दुसरं, वस्तू कुणाची आहे हे दाखवणं. एकाहून जास्त आहेत हे सांगणं तिचं काम नाही. चुकांचा मोठा ढीग या तिसऱ्या, तिच्या नसलेल्या कामातून येतो.

खरं तर ही दोन कामं मुळात एकच होती. जुन्या इंग्रजीत बऱ्याच नामांना षष्ठीसाठी ई आणि एस अशी दोन अक्षरं लागत. पुढे बोलताना त्यातला ई गळाला. फ्रान्समध्ये मुद्रक जोफ्रॉय तोरी याने १५२९ मध्ये गळलेल्या स्वराच्या जागी हे चिन्ह वापरावं असं सुचवलं, आणि त्याच शतकात ते इंग्रजी छपाईतही आलं. मग षष्ठीतल्या गळलेल्या ईच्या जागीही तेच बसलं. एसच्या आधीचं चिन्ह अठराव्या शतकापर्यंत रुळलं. अनेकवचनात एसच्या नंतर द्यायचं चिन्ह स्थिर व्हायला त्याहून जास्त वेळ लागला. म्हणजे जे नियम आपण शाळेत दगडावरच्या रेघेसारखे शिकलो, ते तसे अलीकडचे आहेत. हे मुद्दाम सांगतो, कारण चूक झाली की माणसं फार शरमतात आणि मग इंग्रजी लिहायचंच टाळतात. त्याची काही गरज नाही.

गळलेल्या अक्षराची कल्पना आपल्याला परकी नाही. सोऽहम्, शिवोऽहम् लिहिताना मध्ये जो अवग्रह येतो तो हेच सांगतो की इथे एक अ होता, तो लोपला. “डू नॉट”चं “डोन’ट” होताना नॉटमधला ओ जातो, आणि तो जिथून गेला तिथेच चिन्ह बसतं, एन आणि टीच्या मध्ये. पण बोर्डांवर सर्रास दिसतं ते ओ आणि एनच्या मध्ये. लिहिणाऱ्याला “डू” आणि “नॉट” वेगळे दाखवायचे असतात, म्हणून तो सांध्यावर चिन्ह ठेवतो. चिन्ह सांध्यावर नसतं, गळतीच्या जागी असतं. एवढं लक्षात ठेवलं की इझन’ट, कान’ट, हॅवन’ट सगळे जागच्या जागी बसतात.

याच जातीची एक चूक आमच्याकडे शाळा-कॉलेजात घरोघर आहे. बाईंना मेसेज करताना मुलं एम, ए, एम लिहितात. मूळ शब्द “मॅडम”. त्यातला डी गेला, म्हणून एम, ए, मग चिन्ह, मग ए, एम. दोन ए आणि मध्ये चिन्ह. पीएचडीच्या गाइडला पाठवायच्या ईमेलची सुरुवातच या शब्दाने होते, तेव्हा तो बरोबर असलेला बरा.

आता षष्ठी. इथे मराठी माणसाचं पारडं जड आहे, आणि हे मी शिकवताना नेहमी वापरतो. वाक्य मनात मराठीत म्हणून पाहा. चा, ची, चे आलं तर चिन्हाचा विचार करा. नाही आलं तर विचारही करू नका. “आम्ही सोमवारी बंद असतो” यात चा-ची कुठेच नाही, मग “मंडे’स” कशाला? नुसतं मंडेस. “सर्व ऑर्डर घेतल्या जातील” यातही नाही, मग “ऑर्डर’स” चूक. “आजचं स्पेशल” यात “चं” आहे, म्हणून “टुडे’स स्पेशल” बरोबर. तुमच्या मेनूत नेमकं उलटं झालंय. थाली आणि लाडूला चिन्ह दिलंय, टुडेला दिलेलं नाही.

मराठी याहून एक पाऊल पुढे मदत करते. “मुलीची शाळा” आणि “मुलींची शाळा” यांत फरक डोक्यावरच्या अनुस्वाराचा. एकीची असेल तर “गर्ल’स”, अनेकींची असेल तर “गर्ल्स’ ”. अनुस्वार दिसला की चिन्ह एसच्या पलीकडे जातं. होळकरांचा राजवाडा, अनेक होळकरांचा, म्हणून “द होळकर्स’ पॅलेस”. शिक्षकांचा दिवस, ५ सप्टेंबर, “टीचर्स’ डे”. मित्राचं घर “फ्रेंड’स हाउस”, मित्रांचं घर “फ्रेंड्स’ हाउस”.

पण ही युक्ती आंधळेपणाने वापरू नका. तिच्यात तीन जागी घात आहे.

पहिला घात आपल्या आदरामुळे. “अहिल्याबाईंचा किल्ला” म्हणताना अनुस्वार येतो, पण अहिल्याबाई एकच. आपण मोठ्या माणसाला अनेकवचनात मान देतो, इंग्रजीत ती सोय नाही. म्हणून “अहिल्याबाई’स फोर्ट”, चिन्ह एसच्या आधी. “सरांची गाडी”, “आजोबांचा चष्मा”, “जोशीकाकूंचा डबा”, सगळीकडे हेच. तेव्हा अनुस्वार दिसला की एकदा विचारा, माणसं खरोखर किती? मराठी घरातली हुशार मुलं इथे चुकतात, आणि त्यांच्या शिक्षकांनाही कळत नाही की एसच्या नंतर चिन्ह का दिलं. त्यांनी मनात आदरार्थी बहुवचन धरलेलं असतं.

दुसरा घात असा की मराठीतला प्रत्येक “चा” मालकी दाखवत नाही. सोन्याची अंगठी म्हणजे सोन्यापासून केलेली. बेसनाचे लाडू, पुरणाची पोळी, लाकडाचं टेबल यांत कुणी कुणाचा मालक नाही. इंग्रजीत तिथे नुसतं नाम पुढे ठेवतात, “बेसन लाडू”. “बेसन’स लाडू” झालं तर बेसन नावाच्या गृहस्थाचे लाडू होतील.

तिसरा घात वयाचा आणि मुदतीचा. “दोन वर्षांचा अनुभव” याचं “टू यर्स’ एक्स्पीरियन्स”, चिन्ह एसच्या नंतर. बायोडेटात ते जवळजवळ प्रत्येकाचं राहून जातं. “तीन दिवसांची रजा” म्हणजे “थ्री डेज’ लीव्ह”, एकाच दिवसाची असेल तर “वन डे’स लीव्ह”. “स्टेशनपासून दहा मिनिटांचा रस्ता” म्हणजे “टेन मिनिट्स’ वॉक”. इथवर युक्ती चालते. पण “मुलगा दोन वर्षांचा आहे” याचं इंग्रजी करताना पुढे “ओल्ड” येतं, आणि “ओल्ड”, “लाँग” असं विशेषण आलं की चिन्ह जातं. “टू यर्स ओल्ड”, कोरं. मुलीच्या प्रवेश अर्जात वय लिहिताना कोरंच ठेवा, रजेच्या अर्जात मात्र चिन्ह द्या.

एस कुठे, चिन्ह कुठे, हा गोंधळ संपवायला एक नियम पुरतो: मालकाचं नाव आधी पुरं लिहा. त्यातलं एकही अक्षर तोडू नका. ते संपलं की मगच चिन्ह. मालक “चिल्ड्रन” असेल तर तो शब्द पुरा लिहून “चिल्ड्रन’स डे”, १४ नोव्हेंबर. “मुलांचा दिवस” यात अनुस्वार असूनही चिन्ह एसच्या आधी येतं, कारण “चिल्ड्रन” हे अनेकवचन एसशिवायच पुरं होतं. “विमेन’स डे”, “मेन’स वेअर” तसंच. मालक “लेडीज” असतील तर एल, ए, डी, आय, ई, एस अशी सहाही अक्षरं लिहून मग चिन्ह. “लेडीज टेलर”च्या पाट्यांवर ई आणि एसच्या मध्ये जे चिन्ह दिसतं, ते शब्दाच्या पोटात घातलेलं आहे. त्या तुकड्याला इंग्रजीत अर्थच उरत नाही.

मदर्स डे हे या नियमाचं उत्तम उदाहरण आहे. अमेरिकेत हा दिवस सुरू करणाऱ्या ॲना जार्विस यांनी चिन्ह एसच्या आधीच हवं असा आग्रह धरला होता. प्रत्येक घराने आपल्या एका आईची आठवण काढावी, जगातल्या समस्त मातांची नव्हे, असं त्यांचं म्हणणं. १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी दिवस जाहीर केला, तोही एकवचनातच. चिन्ह एका घराने इकडचं तिकडे झालं की अर्थ बदलतो, म्हणून मी एवढा जीव काढतो.

आडनावांकडे येऊ, कारण आपल्या गावात हा प्रश्न वेगळ्याने येतो. होळकर-शिंद्यांच्या राज्यात दरबारी कामांवरून पडलेली आडनावं अजून इंदूर-ग्वाल्हेरला भरपूर आहेत: फडणीस, चिटणीस, पोतनीस. शिवाय माळव्यातले व्यास. यांचा शेवट मुळातच एसने. मग फडणीस डॉक्टरांचा दवाखाना कसा लिहायचा? “फडणीस’स क्लिनिक”, आणि वाचायचं “फडणीसेस”. काही वर्तमानपत्रांच्या शैलीत विशेषनाम एसने संपलं की नुसतं चिन्ह देतात, “फडणीस’ क्लिनिक”. अमेरिकेतल्या पुस्तक प्रकाशनाच्या शैलीत बहुधा पुढे आणखी एक एस लावतात. दोन्ही चालतं. मला पहिलं आवडतं, कारण जसं बोलतो तसं लिहिलं जातं. पण जे घ्याल ते पाटीवर, लेटरहेडवर आणि शिक्क्यावर एकच ठेवा. चालत नाही ते एवढंच की एन, आय लिहून मध्येच चिन्ह आणि मग एस. त्याने डॉक्टरांचं आडनाव फडणी होतं.

आणि घराच्या पाटीवर, लग्नपत्रिकेवर “द कुलकर्णी’स” लिहितात तेही चूक. तिथे कुणाचं काहीच सांगायचं नाही, फक्त “आम्ही कुलकर्णी मंडळी” एवढंच म्हणायचंय. ते नुसतं अनेकवचन, “द कुलकर्णीस”. फडणीस असतील तर “द फडणीसेस”. पत्रिका एकदा छापली की पाचशे घरी जाते, म्हणून या दोन ओळींवर मी आईवडिलांना प्रूफ पुन्हा बघायला लावतो.

अनेकवचनाला चिन्ह देण्याची सवय आपल्याला का लागली याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, आपल्या शब्दाला इंग्रजी एस जोडताना मनाला संकोच होतो. लाडू हा आपला शब्द, त्याला सरळ एस चिकटवला की तो ओळखू येईनासा होतो, म्हणून मध्ये एक भिंत घालाविशी वाटते. आश्चर्य म्हणजे इंग्रजांनाही हाच संकोच होत होता. सतराव्या-अठराव्या शतकांत स्वराने संपणाऱ्या परक्या शब्दांच्या अनेकवचनात, ऑपेरा, फोलिओ अशा शब्दांत, चिन्ह देणं छापील इंग्रजीत रीतसर मानलं जाई. पुढे ते बाद झालं, पण भाजीवाल्यांच्या पाट्यांवर टोमॅटो आणि बनानाच्या मागे उरलं. इंग्लंडात या चुकीला आजही भाजीवाल्याची अपॉस्ट्रॉफी म्हणतात. तुम्हाला माझा सल्ला असा की आपल्या पदार्थांना इंग्रजी अनेकवचन लावूच नका. “बेसन लाडू”, “चकली”, “अनारसा” एवढंच लिहा. कुणी गिऱ्हाईक एकच लाडू मिळेल असं समजून परत जात नाही.

संक्षेपांचं आणि सालांचं लवकर आटोपतो. एटीएम, एमएलए, सीडी यांच्या अनेकवचनाला चिन्ह नाही. आमदारांचा बंगला म्हणायचं असेल तेव्हाच चिन्ह. १९९० च्या दशकाला जुन्या पुस्तकांत चिन्ह दिलेलं दिसेल, आता ते देत नाहीत. सुट्या अक्षरांना मात्र देतात, म्हणजे परीक्षेत मिळालेले अनेक “ए” लिहिताना, नाहीतर ए आणि एस मिळून “ॲज” वाचलं जाईल. तिथे वाचणाऱ्याची सोय नियमाहून मोठी.

आता ज्या एका शब्दावर शिकलेली माणसंही घसरतात तो: “इट्स”. चिन्हासह आणि चिन्हाशिवाय. मनात मराठी युक्ती लावली की इथे ती उलटी पडते. “त्याची चव” यात “ची” आहे, म्हणून चिन्ह द्यावंसं वाटतं, आणि नेमकं तिथे द्यायचं नसतं. कारण ते सर्वनाम आहे. सर्वनामांना स्वतःची षष्ठी असते, जसं आपण “मीचा” म्हणत नाही, “माझा” म्हणतो. हिज, हर्स, अवर्स, युअर्स, देअर्स, एकालाही चिन्ह नाही, तसंच इट्सलाही नाही. चिन्ह आलं की ते “इट इज” किंवा “इट हॅज” असतं, म्हणजे गळलेलं अक्षर. तेव्हा कसोटी एकच. त्या जागी “इट इज” घालून वाक्य मोठ्याने वाचा. तुमच्या मेनूच्या शेवटी चवीबद्दल ओळ आहे ना, “फेमस फॉर इट’स टेस्ट”? वाचा, “फेमस फॉर इट इज टेस्ट”. कानाला लगेच खटकतं. चिन्ह काढा. “हू’ज” आणि “हूज”, “यू आर”चं “यू’र” आणि “युअर” यांनाही हीच कसोटी.

हीही चूक आजची नाही. सतराव्या-अठराव्या शतकांत चांगले शिकलेले इंग्रज मालकीच्या अर्थाने चिन्हासकट “इट’स” लिहीत आणि छापत. पुढे रीत बदलली, नियम एका बाजूला स्थिरावला. त्यात दुर्दैव असं की फोनचा कीबोर्ड अजून आपलं ऐकत नाही. तुम्ही बरोबर लिहिता आणि तो आपल्या मनाने चिन्ह घालून देतो. मेसेज पाठवण्याआधी एकदा नजर टाका.

औपचारिक पत्रात, बँकेच्या अर्जात, प्रबंधात संक्षिप्त रूपं वापरूच नयेत असं मी सगळ्यांना सांगतो. “डू नॉट”, “इट इज”, “कॅनॉट” पुरं लिहा. निम्म्या चुका जागच्या जागी मिटतात आणि भाषाही त्या कागदाला शोभेशी राहते.

आता भाच्याचं म्हणणं, चिन्ह गाळलं तर काय बिघडतं. दुकानाचं नाव ही मालकाची मर्जी असते, तिथे व्याकरणाचा हट्ट चालत नाही. हल्दीराम’स, डॉमिनो’स, मॅकडॉनल्ड’स यांच्या पाट्यांवर चिन्ह आहे. स्टारबक्स, हॅरॉड्स यांच्यावर नाही. वॉटरस्टोन्स या इंग्लंडातल्या पुस्तकांच्या दुकानांनी २०१२ मध्ये आपलं चिन्ह काढून टाकलं, इंटरनेटच्या काळात नाव सुटसुटीत हवं म्हणून. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या पिकॅडिली मार्गावर अर्ल’स कोर्ट आणि बॅरन्स कोर्ट ही लागोपाठची स्टेशनं आहेत, एकाला चिन्ह आहे, दुसऱ्याला नाही. अमेरिकेत १८९० मध्ये स्थापन झालेलं भौगोलिक नावांचं सरकारी मंडळ गावा-डोंगरांच्या नावांतली मालकीची अपॉस्ट्रॉफी काढूनच टाकतं. त्यातून मार्था’स व्हिनयार्डसारखी मोजकीच नावं सुटली. म्हणून म्हटलं, “जोशीस किचन” चालेल. पण मेनूतली, पत्रातली वाक्यं ही नावं नव्हेत. तिथे ही मुभा नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला जॉन रिचर्ड्स होते. इंग्लंडातल्या लिंकनशायरमधले निवृत्त पत्रकार. त्यांनी २००१ मध्ये अपॉस्ट्रॉफी वाचवण्यासाठी एक संस्थाच काढली. दुकानदारांना, कचेऱ्यांना ते नम्रपणे पत्रं लिहून चुका दाखवत. २०१९ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, त्यांनी संस्था बंद केली. अज्ञान आणि आळस जिंकला, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांच्या तळमळीबद्दल मला मनापासून आदर आहे, पण आळसाचं म्हणणं मला इथे, माळव्यात, पटत नाही. इथल्या पेंटरला, फ्लेक्सवाल्याला, शाळेच्या बाबूला हे कुणी त्याच्या भाषेतून समजावून सांगितलंच नाही. सांगितलं की ते लक्षात ठेवतात, हा माझा अनुभव आहे.

इंदूरच्या छपाईतली एक खास अडचण मात्र सांगितलीच पाहिजे. आपल्या बऱ्याच डीटीपीवाल्यांकडे हिंदी मॅटर अजून कृतिदेव फॉन्टमध्ये चालतं. त्या फॉन्टमध्ये इंग्रजीच्या प्रत्येक कळीवर देवनागरीचा एकेक तुकडा बसवलेला आहे, आणि अपॉस्ट्रॉफीच्या कळीवर अर्धा श आहे. “शहर” टाईप करायचं तर ऑपरेटर आधी अपॉस्ट्रॉफी दाबतो, मग काना, तेव्हा पुरा श होतो. आता हिंदीच्या ओळीत मध्येच तुमचं इंग्रजी नाव आलं, तर तो इंग्रजी अक्षरं सिलेक्ट करून फॉन्ट बदलतो. चिन्ह बारीक, ते कधी सिलेक्शनमधून सुटतं. मग छापून येतं ते असं: इंग्रजीत “जोशी”, पुढे देवनागरी अर्धा श, आणि पुढे इंग्रजी एस. पडद्यावर लहान आकारात ते नजरेला येत नाही, बारा फुटी फ्लेक्सवर येतं. म्हणून इंग्रजी ओळ वेगळ्या बॉक्समध्ये टाईप करायला सांगा, हिंदी-मराठी ओळीत मिसळू देऊ नका.

चिन्हाचा आकारही बघा. ते वर टांगलेल्या स्वल्पविरामासारखं हवं, डोकं वर आणि शेपूट खाली डावीकडे. फोनवरून मॅटर पाठवताना माणसं कधी कधी तिरपी रेघ असलेलं दुसरंच चिन्ह दाबतात, आणि ऑपरेटर ते तसंच उचलतो. शब्दाच्या सुरुवातीला चिन्ह आलं, म्हणजे सालाचे पहिले दोन आकडे गाळून ’९० लिहायचं असलं, की वर्डला वाटतं अवतरण सुरू झालं आणि तो चिन्ह उलटं करतो. उपाय सोपा. कळ दोनदा दाबा, पहिलं चिन्ह पुसा, दुसरं सरळ असतं.

बोर्ड ॲक्रिलिकच्या सुट्या अक्षरांचा करणार असाल तर आणखी एक. चिन्हाचा तुकडा सगळ्यात लहान, त्याला चिकटायला जागा कमी, त्यामुळे पावसाळ्यात पहिला तोच पडतो. थोडा जाड कापायला सांगा.

आणि कागदपत्रं. वेबसाइटच्या पत्त्यात हे चिन्ह चालत नाही, तिथे अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच चालतं. काही ऑनलाइन फॉर्मही चिन्ह नाकारतात, कारण त्यांच्यामागच्या डेटाबेसच्या भाषेत हेच चिन्ह मजकुराची सुरुवात आणि शेवट दाखवायला वापरतात. डिसूझा, ओब्रायन आडनावांची माणसं हा त्रास रोज काढतात. अशा ठिकाणी चिन्ह गाळून अक्षरं जोडून लिहा. चिन्हाच्या जागी मोकळी जागा सोडू नका, नाहीतर बिलावर “जोशी”, मग सुटा एस, मग “किचन” असं उमटतं. परवाना, बँकेचं खातं, जीएसटी यांत नाव एकाच प्रकारे भरा. बोर्डावर चिन्ह आणि कागदावर ते नाही, याने काही अडत नाही. एका कागदावर जोडून आणि दुसऱ्यावर तोडून, याने मात्र खेटे पडतात.

मेनूतल्या ओळी आता अशा करा. “टुडे’स स्पेशल” चिन्हासह. “थाली” नुसतं. “बेसन लाडू” नुसतं. लहान मुलांच्या थाळीला “किड्स’ मील”, चिन्ह एसच्या नंतर, कारण मुलं अनेक. “क्लोज्ड ऑन मंडेस” कोरं. “ऑर्डर्स” कोरं, पण त्याच ओळीत “वन डे’स नोटीस” आहे, त्याला चिन्ह, एक दिवसाची पूर्वसूचना म्हणून. “प्लीज डोन’ट वेस्ट फूड” यात चिन्ह एन आणि टीच्या मध्ये सरकवा. शेवटच्या ओळीत “फेमस फॉर इट्स टेस्ट”, कोरं.

फ्लेक्सवाल्याला हे फोनवर तोंडी सांगू नका. टाईप करून पाठवा, त्याच्याकडून डिझाइन मागवून घ्या, नाव फोनवर बोटांनी मोठं करून बघा आणि मगच “छापा” म्हणा. उरलेले पैसे बोर्ड वर चढल्यावर, खालून एकदा वाचून झाल्यावर द्या.